गोधडीचा टाका

भाताची झोडणी झाली, दाणे घरात आले, की कर्जत-खालापूरच्या गावांत बायकांना जरा उसंत मिळते. मग दुपारच्या उन्हात अंगणात गोधड्या निघतात. पौषात डोंगरावरून गार वारा सुटतो, तेव्हा हीच गोधडी लेकराबाळांना ऊब देते.

गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर, वर रंगीत ठिगळे आणि हजारो टाके. काम दिसायला सोपे. पण हातात सुई घेतली म्हणजे कळते!

आधी कापड पाहू या. जुने सुती लुगडे सगळ्यांत चांगले. धुवून धुवून ते मऊ झालेले असते, घामही टिपते. नायलॉनचे कापड सरकते आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. ठिगळाचे कापड नवे असेल तर आधी भिजवून वाळवावे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. तसेच लावले तर गोधडीला चुण्या पडतात.

थर जमिनीवर ताणून पसरावेत. मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात. मग लांब लांब कच्चे टाके घालावेत, म्हणजे थर हलत नाहीत. ठिगळाची कड बोटभर आत दुमडावी. कोपरा आधी दुमडावा, बाजू मागून. कड उघडी राहिली तर दशा निघतात.

आता धावदोरा. कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत आत यावे. एक हात वर सुई धरतो, दुसरा खालून टोक चाचपतो. सुई सगळ्या थरांतून गेली की नाही, हे त्या खालच्या हाताला कळते. दोन ओळींत बोटभर अंतर पुरे. ओळी लांब लांब पडल्या तर धुताना आतले थर एका जागी गोळा होतात. पण दोरा करकचून ओढू नये. थरांच्या मधे हवा राहते, तीच अंगाची ऊब धरून ठेवते.

हात थकला की टाका लांब पडू लागतो. तेव्हा सुई खोचून उठावे. उद्या पुन्हा बसावे. या कामात घाई चालत नाही.

ही कला आपल्याकडेच आहे असे नाही. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका अशीच गोधडी शिवतात. तिला त्या कवंदी म्हणतात. चारी कोपऱ्यांना त्या कापडाची फुले लावतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. त्यांच्या कवंद्या आता दूरच्या शहरांतही विकल्या जातात.

आपल्याकडेही मुंबईचे पाहुणे नेरळला, कर्जतला, खोपोलीला येतात. कुणी गोधडी विकत मागतो. “चिंध्याच तर आहेत, किती घेणार?” असे म्हणतो. बाई संकोचाने थोडेच पैसे सांगते. इथे आपण फसतो.

जरा हिशोब करू या. समजा, रोज २ तास काम केले. ४० दिवस लागले. म्हणजे ८० तास झाले. गोधडी ८०० रुपयांना दिली. दोऱ्याचे ८० रुपये वजा केले. उरले ७२० रुपये. त्याला ८० ने भागा. तासाला किती पडले? ९ रुपये! एवढ्या मजुरीवर आपण दुसऱ्याच्या शेतात लावणीला जाऊ का?

आता आपल्याला लिहिता येते. एक वही करावी. रोजची तारीख लिहावी, तास लिहावेत, दोऱ्याचा खर्च लिहावा. गोधडी पुरी झाली की बेरीज करावी आणि मगच भाव सांगावा. गिऱ्हाईक कुरकुरले तर वही पुढे ठेवावी. लेकीला टाका शिकवाल, तेव्हा ही वही ठेवायलाही शिकवा.