वाशीमकडील पांदणी आणि पाऊलवाटा

विलायतेंत शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्तानें राहून आलेले आपले आप्तइष्ट तेथील खेड्यांची एक गोष्ट मोठ्या कौतुकानें सांगतात. गांवच्या प्रार्थनामंदिरामागून एक पाऊलवाट निघते, कोणाच्या तरी गव्हाच्या शेतांतून जाते, कुंपणास केलेल्या लांकडी पायऱ्यांवरून उतरते आणि ओढ्याच्या कडेनें पुढच्या गांवीं पोंचते. तिच्या तोंडाशीं दिशा दाखविणारी लहानशी पाटी असते. कोणीहि परका मनुष्य शेताच्या मालकास न विचारतां तिच्यावरून खुशाल चालूं शकतो. इंग्लंड व वेल्स मिळून अशा सार्वजनिक वाटांची लांबी सुमारें सव्वादोन लाख किलोमीटर भरते.

हें ऐकून तो देशच मोठा रसिक, असें आपणांस वाटतें. पण ही सोय केवळ रसिकतेनें झालेली नाहीं. २४ एप्रिल १९३२ रोजीं मँचेस्टरकडील तरुण कामकरी शिकारीसाठीं राखलेल्या किंडर स्काऊट नांवाच्या डोंगरावर मुद्दाम घुसून चालले. त्यांतील कांहींना तुरुंगवास घडला. पुढें १९४९ सालच्या कायद्यानें वाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याचें बंधन स्थानिक मंडळांवर आलें. १९९० च्या कायद्यानें तर असें ठरविलें कीं, शेताच्या मधून जाणारी पाऊलवाट पेरणीसाठीं नांगरली, तरी शेतकऱ्यानें ती चौदा दिवसांच्या आंत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी. आम्हांस या सर्व व्यवस्थेंत हा एकच नियम सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

आपल्या वऱ्हाडांत अशा वाटा नाहींत काय? वाशीम जिल्ह्यांतील कोणत्याहि गांवाचा महसुली नकाशा उघडून पाहावा. त्यांत तुटक दुहेरी रेषेनें गाडीवाट आणि तुटक एकेरी रेषेनें पायवाट दाखविलेली असते. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. गाडीवाट त्याच्या दुप्पट किंवा अधिक. दोहों बाजूंस धुरे, त्यांवर बाभळी व निर्गुडी, आणि मध्यें चाकोऱ्या पडलेली सखल वाट, तिला आपण पांदण म्हणतों. देशावरील मंडळी पाणंद म्हणतात. ती दोन गांवांच्या शिवेवरून गेली तर शिवपांदण.

या वाटांनीं हिंडावयाचें तर दिवाळीनंतर. पावसाळ्यांत येथील काळी माती पायतणास असे गोळे बांधते कीं, दहा पावलांत चालण्याची हौस फिटते. मार्गशीर्षांत वाट वाळलेली असते, सोयाबीन निघून गेलेलें असतें, तूर उभी असते, कपाशीची वेचणी चाललेली असते. फाल्गुनांत पळस फुलतो. पण तोंवर उन्हास धार येऊं लागते, म्हणून तेव्हां पहांटे निघावें.

आरंभ वाशीम शहरापासूनच करावा. हें प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा येथील ताम्रपट १९३९ सालीं उजेडांत आला. राजशेखरानें काव्यमीमांसेंत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच वत्सगुल्मांत, हें संस्कृत शिकलेल्या पुष्कळांना ठाऊक असतें. पण त्यांतील किती जणांनीं पद्मतीर्थापासून बालाजीच्या देवळापर्यंतची वाट मुलाबाळांसह पायीं तुडविली असेल? जुन्या लोकांची तीर्थें पाहण्याची रीत पायांची होती; मोटारींतून उतरून पुन्हा मोटारींत बसण्याची नव्हती.

ती रीत अद्याप जिवंत पाहावयाची असेल, तर शेगांवच्या गजाननमहाराजांच्या पालखीची वाट पाहावी. दरवर्षीं आषाढीसाठीं ही पालखी पायीं पंढरपुरास जाते. पातुराकडून मेडशीस येऊन ती या जिल्ह्यांत शिरते, आणि अंतरिक्ष पार्श्वनाथामुळें जैनांस पूज्य असलेल्या शिरपुरावरून रिसोडकडे जाते. रिसोडच्या पलीकडे पैनगंगा. वऱ्हाड १८५३ सालीं इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, तेव्हांपासून निजामी संपेपर्यंत या भागांत नदीच्या अलीकडे एक अंमल व पलीकडे दुसरा होता. पण नामदेवांच्या नर्सीस जाणाऱ्या माणसाची वाट त्या सरहद्दीपेक्षां फार जुनी.

आमच्या मतें जिल्ह्यांतील सर्वांत चांगली पायपीट मात्र कोणत्याच क्षेत्रास जात नाहीं. वाशीम व मालेगांव तालुक्यांतील उंचवट्यावर पाण्याचा माथा आहे. येथून काटेपूर्णा उत्तरेस जाते, पूर्णेस मिळते आणि तापीच्या द्वारें पश्चिम समुद्र गांठते. अरुणावती वाशीम तालुक्यांतच उगम पावून मंगरूळपीर व मानोऱ्याकडून यवतमाळांत जाते, पैनगंगेस मिळते, आणि तिचें पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी या मार्गानें पूर्व समुद्रास पोंचतें. माथा डोळ्यांस भव्य दिसत नाहीं. बरड जमीन, दगडधोंडे, चार बोरी. परंतु भूगोल शिकणाऱ्या मुलास तेथें उभें करून दोहों बाजूंचा उतार दाखवावा. पुस्तकांतील जलविभाजक हा शब्द तो पुन्हा विसरणार नाहीं.

आतां दुःखाचा भाग. नकाशांतील ती तुटक रेषा जमिनीवर शोधूं गेल्यास पुष्कळ ठिकाणीं सांपडत नाहीं. पांदण एका दिवसांत नाहींशी होत नसते. शेजारचा शेतकरी दरसाल नांगराचें एक तास पुढें सरकवितो, धुरा कोरतो. दोन बैलांची वाट एका बैलाची होते, मग माणसाची, आणि शेवटीं तींत तूर उभी राहते. याचें मूळ केवळ लोभांत नाहीं. समजा, एका कुटुंबाचें साठ एकरांचें वावर होतें. रस्त्यास लागलेली त्याची एक बाजू सर्वांस पुरत असे. चार भावांच्या वांटण्या झाल्या, पुढें त्यांच्या मुलांच्या झाल्या, आणि आंतल्या पट्ट्यांस वाटच उरली नाहीं. वांटणीपत्रांत विहिरीचें पाणी, आंब्याचें झाड, देव्हाऱ्यांतले टांक, सर्वांची नोंद असते. वाटेची बहुधा नसते. पावसांत आंतल्या वावरांत गाडी जात नाहीं, काढलेलें सोयाबीन भिजतें, निंदणाच्या बाया चिखल तुडवून येण्यास नाखूष असतात. मागील पट्टी एखाद्या विधवा काकूच्या वांट्यास आलेली असली, तर ती कवडीमोलानें जाते, आणि घेणारा पुष्कळदां तोच असतो ज्यानें वाट अडविली.

येथें आपल्या वाचकांचा संबंध येतो. पुण्यास, नागपुरास, मुंबईस राहणाऱ्या आपल्यांतील अनेक घरांचीं वावरें आजहि गांवीं आहेत, बटईनें किंवा मक्त्यानें दिलेलीं. मक्त्याचा पैसा वेळेवर आला कीं आपण पुढची चौकशी करीत नाहीं. मग पांदण आपल्याच वावरांतून नांगरली गेली, हें आपणांस कळावें कसें?

कायदा अगदींच मुका नाहीं. १९०६ सालच्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या ५ व्या कलमान्वयें वहिवाटीची वाट अडविल्यास तहसीलदार ती मोकळी करून देऊं शकतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज करावा लागतो. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमानें बांधावरून नवी वाट मागतां येते. २०२५ सालीं अशा वाटांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरांत करण्याचें शासनानें ठरविलें. हें सर्व आपल्या वावरांत जाणाऱ्या शेतकऱ्यासाठीं आहे, आणि पहिला हक्क त्याचाच. विलायतेंतल्याप्रमाणें निव्वळ चालणाराचा हक्क आपल्याकडे कोणी अद्याप मागितलेलाहि नाहीं. त्यास शेतकऱ्याच्या सौजन्यावरच अवलंबून राहावें लागतें. तें सौजन्य अजून पुष्कळ आहे. उभ्या पिकांत शिरूं नये, फाटक उघडलें तर लावावें, आणि वाटेंत कोणी भेटलें तर रामराम करून आपण कोणाकडचे हें सांगावें, एवढें पुरतें.

गांवनकाशाची प्रत भूमिअभिलेख कार्यालयांत अर्ज केल्यास मिळते. यंदा सुटींत गांवीं जाणाऱ्यांनीं ती आणवावी, आणि घरांत ज्या वडिलांनीं त्या पांदणीनें बैलगाडी हांकली असेल, त्यांस बरोबर घ्यावें. कारण नकाशांतील रेषा आणि जमिनीवरचें बाभळीचें झाड यांची सांगड तेच घालूं शकतात. मोजपट्टी असूं द्यावी. पायवाट सव्वाआठ फूट भरते कीं नाहीं तें जागोजागीं पाहावें, जेथें तुटली असेल तेथें नकाशावर खूण करावी, आणि ती केव्हां तुटली हें मक्तेदारास विचारून तारखेसह टिपून ठेवावें. सहा महिन्यांची मुदत तेथून मोजावयाची असते.