ऑफिसचा मेल, घरचा फोन

ऑफिसचे मेल खाते स्वतःच्या फोनवर जोडताना पडद्यावर परवानग्यांची एक यादी उमटते. अँड्रॉइडच्या मेल अ‍ॅपमध्ये एक्स्चेंज या मेल सर्व्हरचे खाते भरले, तर त्या यादीत फोनमधली सगळी माहिती पुसणे, पासवर्डचे नियम ठरवणे, पडदा लॉक करणे, प्रसंगी कॅमेरा बंद करणे असे अधिकार मागितलेले असतात. खाली 'अ‍ॅक्टिव्हेट'चे बटण असते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी ही यादी वाचत बसणारा माणूस विरळाच.

लोकांना धास्ती असते ती वेगळीच: कंपनी आपले व्हॉट्सअ‍ॅप वाचते का, फोटो बघते का? सहसा तसे होत नाही. फोन-व्यवस्थापनासाठी बऱ्याच कंपन्या मायक्रोसॉफ्टचे इंट्यून वापरतात. त्यातून फोनचे मॉडेल, अनुक्रमांक, प्रणालीची आवृत्ती कळते. कॉलच्या नोंदी, एसएमएस, फोटो, ब्राउझरचा इतिहास दिसत नाही. मात्र ऑफिसच्या खात्यातला मेल कुठल्याही फोनवरून पाठवला, तरी तो कंपनीच्या सर्व्हरवर राहतो आणि आयटी विभागाला शोधून काढता येतो. घरच्या कर्जाचे कागद त्या खात्यातून पाठवले, तर ते खासगी राहिले असे मानता येत नाही.

वाचण्यापेक्षा पुसण्याचा धोका मोठा आहे. अमेरिकेत टेक्सासमधील एका घरबांधणी कंपनीच्या कर्मचाऱ्याने स्वतःचा आयफोन कंपनीच्या मेल सर्व्हरला जोडला होता. 2013 मध्ये त्याने राजीनामा दिला. त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने दुरूनच आज्ञा देऊन तो फोन कोरा केला. कामाच्या माहितीबरोबर घरचे फोटो आणि नातेवाइकांचे नंबरही गेले. तो कोर्टात गेला. 2014 मध्ये केंद्रीय न्यायालयाने दोन केंद्रीय कायद्यांखालचे त्याचे दावे फेटाळले: फोनमध्ये साठवलेली माहिती एका कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हती आणि फोटो जाणे हे दुसऱ्या कायद्याला अभिप्रेत असलेले 'नुकसान' नव्हते. फोन त्याचाच होता, हे कोणीच नाकारले नव्हते.

मेल फोनमध्ये कोणत्या वाटेने शिरतो, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. ब्राउझरमध्ये उघडला, तर फोनवर ताबा जवळजवळ नाहीच. आउटलुकसारख्या अ‍ॅपवर कंपनीने स्वतंत्र नियम लावले असतील, तर त्या अ‍ॅपमधलाच ऑफिसचा भाग पुसता येतो. 2014 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 5 ने 'वर्क प्रोफाइल' दिले. त्यात ऑफिसच्या अ‍ॅप्सवर छोट्या ब्रीफकेसचे चिन्ह दिसते. त्या कप्प्यापलीकडचे फोटो आणि खासगी अ‍ॅप्समधला मजकूर कंपनीला दिसत नाही, आणि पुसायचे तर तो कप्पाच पुसला जातो. आयफोनमध्ये अशीच सोय 2019 मध्ये आयओएस 13 बरोबर आली. कंपनीने कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर अशा कप्प्याऐवजी सरसकट सगळ्या फोनचे व्यवस्थापन मागितले, तर कारण विचारायलाच हवे.

एक वाट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. काही ठिकाणी मेल किंवा वायफायच्या जोडणीसोबत कंपनीचे 'रूट सर्टिफिकेट' फोनमध्ये बसते. ते बसले की ऑफिसच्या नेटवर्कवरून जाणारी ब्राउझरमधली कुलूपबंद वाहतूकही वाटेत उघडून पाहण्याची सोय होते. अँड्रॉइड त्यावर नेटवर्कवर नजर ठेवली जात असल्याची शक्यता सांगणारी सूचना दाखवते, पण ती बहुतेक जण बोटाने बाजूला सारतात. अँड्रॉइड 7 पासून बहुतेक अ‍ॅप्स अशा नंतर बसवलेल्या सर्टिफिकेटवर आपणहून विश्वास ठेवत नाहीत. ब्राउझर मात्र ठेवतो.

भारतात कायद्याचा आधार आहे, पण तोकडा. 2017 च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, तरी त्याचा मुख्य रोख सरकारवर आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला वेगळी संमती न घेता मुभा देतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 नुसार मालकाच्या परवानगीविना माहिती पुसल्यास भरपाई मागता येते; पण 'अ‍ॅक्टिव्हेट' दाबले तेव्हा परवानगी दिलीच होती, असा बचाव कंपनीकडे तयार असतो.

नोकरी सोडताना क्रम महत्त्वाचा ठरतो. नवे नंबर अनेकदा नकळत ऑफिसच्या खात्यात साठत जातात आणि खात्याबरोबर जातात, म्हणून आधी ते स्वतःच्या खात्यात हलवायचे, फोटोंची प्रत काढायची. मग ऑफिसचे खाते किंवा वर्क प्रोफाइल काढायचे, आणि सेटिंग्जमधल्या 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' यादीत व सर्टिफिकेटमध्ये कंपनीचे काही उरले नाही ना, हे पाहायचे. एक्स्चेंजमध्ये पुसण्याची आज्ञा सर्व्हरवर थांबून राहते आणि फोन पुढच्या वेळी मेल आणायला गेला की अमलात येते. खाते आधीच काढलेला फोन ती आणायला जातच नाही.