सुरतेतील मराठी कामगारांची बचत: सहा दशकांचा मागोवा

सुरतेच्या आर्थिक इतिहासाची मांडणी बहुधा सराफ, हुंडीवाले, जहाजमालक आणि पुढे कापड व हिरे यांचे कारखानदार यांच्या आधारे झालेली आहे. सतराव्या शतकात इंग्रज कंपनीला कर्ज देणारा विरजी वोरा याच शहरातला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीत मुंबईचा शेअरबाजार ज्यांच्या नावाने ओळखला गेला, ते प्रेमचंद रायचंदही मूळचे सुरतेचेच. १८६५ मध्ये ते युद्ध संपताच बॅक बे भरावाच्या कंपनीसह अनेक कंपन्यांचे शेअर कोसळले आणि व्यापाऱ्यांबरोबर साध्या घरांचीही पुंजी बुडाली. प्रस्तुत मागोव्याचा विषय मात्र सराफ किंवा दलाल हा नसून, लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली व गोडादरा या वस्त्यांत राहणारा आणि यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या व कापडबाजार यांत राबणारा मराठी, त्यातही मुख्यतः खानदेशी, माणूस आपली शिल्लक कुठे ठेवत आला हा आहे.

खानदेश आणि सुरत यांचा संबंध ताप्ती व्हॅली रेल्वेने, म्हणजे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरत ते अमळनेर या मार्गाने, घट्ट केला. आणि १९६० मध्ये मुंबई राज्याची विभागणी होऊन सुरत गुजरातेत गेली तरी नंदुरबार, धुळे व जळगाव या भागांतील कोरडवाहू शेतकऱ्याला तेच शहर मुंबई-पुण्याहून जवळचे राहिले. १९६१ च्या जनगणनेत तीन लाखांच्याही आत असलेली सुरतेची लोकसंख्या २०११ मध्ये ४४ लाखांवर गेली, आणि या वाढीत उडिया, उत्तर भारतीय व सौराष्ट्रातील लोकांबरोबर खानदेशी कुटुंबांचा वाटा मोठा होता. हंगामी मजूर म्हणून आलेल्यांची पुढची पिढी येथेच स्थिरावली आणि महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांत शिकली. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार झाले आणि २०१२ पासून लिंबायत विधानसभा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व संगीता पाटील करीत आहेत.

बचतीच्या कोणत्याही मार्गाची पारख अर्थशास्त्र सुरक्षितता, रोखता आणि परतावा या निकषांवर करते. मुद्दल बुडणार नाही याची हमी म्हणजे सुरक्षितता, गरज पडेल तेव्हा पैसा हातात येण्याची सोय म्हणजे रोखता, आणि महागाई वजा जाता उरणारी वाढ म्हणजे खरा परतावा. वर्तमानपत्रांतील सल्ला बहुतेक वेळा शेवटच्या निकषाभोवती फिरतो. सुरतेतील कामगाराच्या बाबतीत मात्र पहिले दोन निकष निर्णायक ठरले, आणि त्याचे कारण त्याच्या मिळकतीच्या स्वरूपात आहे. यंत्रमागावरील मजुरी विणलेल्या मीटरवर ठरते. वीज गेली, सूत महागले, बाजारात मंदी आली की मीटर घटतात आणि त्या पंधरवड्याची शिल्लक शून्यावर येते. भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ चा कायदा, ज्यात कामगार व मालक दोघांचे मासिक अंशदान खात्यात जमा होते, वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो. सुरतेतील माग मात्र असंख्य छोट्या गाळ्यांत विभागलेले असल्याने फार मोठा कामगारवर्ग त्या संरक्षणाबाहेर राहिला. दरमहा ठराविक तारखेला ठराविक रक्कम भरण्याची अट गृहीत धरणाऱ्या योजना पगारदारासाठी घडवलेल्या होत्या, मीटरवर जगणाऱ्यासाठी नव्हत्या, हे या सहा दशकांचे मूळ सूत्र आहे.

ही उणीव भरून काढली ती भिशीने, जिला गुजराती शेजारी वीसी म्हणतात. तिची रचना वरवर दिसते त्यापेक्षा बरीच चतुर आहे. समजा वीस जणांनी दरमहा ५०० रुपये भरले, तर महिन्याला १०,००० रुपयांची थैली जमते; साध्या भिशीत ती चिठ्ठी काढून एकाला मिळते, तर लिलावाच्या भिशीत ज्याला सर्वाधिक निकड आहे तो कमी रकमेवर, उदाहरणार्थ ८,००० रुपयांवर, ती उचलतो आणि सुटलेले २,००० रुपये वीस जणांत प्रत्येकी १०० याप्रमाणे वाटले जातात. सुरुवातीला थैली उचलणारा अशा रीतीने कर्ज घेतो, शेवटपर्यंत थांबणारा व्याज कमावतो, आणि कागदपत्र, तारण वा जामीन यांशिवाय एकाच व्यवहारातून बचत व पतपुरवठा या दोन्ही गरजा भागतात. लग्न, गावाकडचे छप्पर, मुलाची फी किंवा आजारपण यांसाठी एकरकमी पैसा उभा करण्याचे याहून सोपे साधन या वस्त्यांना उपलब्ध नव्हते, आणि म्हणूनच भिशीला अडाणीपणाचे लक्षण समजणारे लिखाण वस्तुस्थितीला धरून नाही. तिचा दोष वेगळा आहे. १९८२ च्या चिट फंड कायद्याने नोंदणी, सुरक्षा ठेव आणि चालकाची जबाबदारी निश्चित केली असली तरी वस्तीतील भिशी त्या चौकटीबाहेर चालते, आणि आधी थैली उचललेल्या सभासदाने वा खुद्द चालकाने गाव सोडले तर उरलेल्यांना नातेसंबंधांपलीकडे दाद मागण्याची जागा उरत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने काही दिवसांत लाखो लोक सुरत सोडून गेले, तेव्हा या परस्परविश्वासावर उभ्या असलेल्या चक्रांची नाजूकता स्पष्ट झाली.

सोन्याची गोष्ट निराळी. जळगावच्या सराफीची कीर्ती घेऊन आलेल्या खानदेशी कुटुंबाला सोने ही गुंतवणूक असल्याचे शिकवावे लागले नाही. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी चौदा कॅरटच्या वरच्या नव्या दागिन्यांवर बंदी घातली, १९६८ चा कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत टिकला, तरीही घराघरांतील मणी-पोत कमी झाली नाही. सोने गहाण ठेवून त्याच दिवशी पैसा मिळतो ही त्याची खरी ताकद होय. त्याची उणीव घडणावळ, शुद्धतेतील फसवणूक आणि घरात ठेवण्याचा धोका यांत होती; ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतांश भाग बुडाला तेव्हा घरात ठेवलेली कोणतीही संपत्ती, दागिना असो वा ठेवपावती, किती असुरक्षित असते हे शहराने पाहिले. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या सार्वभौम सुवर्णरोख्यांनी, ज्यांत सोन्याच्या भावाशी जोडलेली सरकारी हमी व वर व्याज मिळत असे, या सर्व उणिवा दूर केल्या होत्या. पहिल्या मालिकेत २,६८४ रुपये प्रतिग्रॅमने दिलेला रोखा नोव्हेंबर २०२३ मध्ये ६,१३२ रुपयांनी परत झाला. मात्र आठ वर्षांची मुदत आणि अडचणीच्या दिवशी तो विकण्यातील कटकट यांमुळे गळ्यातील सोन्याची जागा तो घेऊ शकला नाही, आणि फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिकाही निघाली नाही.

सरकारी अल्पबचतीचा मार्ग या काळात सर्वांत कमी चर्चिला गेला आणि सर्वांत कमी दगा देणारा ठरला. १८८२ पासून चालू असलेल्या टपाल बचत बँकेच्या जोडीला १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ, १९६८ मध्ये सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि १९८८ मध्ये किसान विकास पत्र आले. या शेवटच्या पत्राचा इतिहास व्याजदरांच्या प्रवासाचे उत्तम प्रमाण आहे: प्रारंभी साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट होत असे, २०११ मध्ये ते बंद होऊन २०१४ मध्ये पुन्हा आले तेव्हा दुपटीला १०० महिने लागत, आणि एप्रिल २०२३ पासून ११५ महिने लागतात. दुपटीचा काळ वाढला म्हणून पूर्वीचा बचतदार दुप्पट सुखी होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण १९९१ च्या सुमारास महागाई १३ टक्क्यांवर होती आणि १२ टक्के देणारा भविष्यनिर्वाह निधीही तेव्हा खऱ्या अर्थाने मुद्दल राखत नव्हता. या योजनांच्या जाहिरातीत आयकराची सूट पुढे केली जाते. परंतु ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही अशा कामगाराला ती सूट म्हणजे काहीच नव्हे, आणि पंधरा वर्षे पैसा अडकण्याची अट मात्र त्यालाही तेवढीच लागू.

शेअरबाजाराने या वस्त्यांना उशिरा आणि आडमार्गाने स्पर्श केला. १९७७ मधील रिलायन्सच्या समभाग विक्रीनंतर गुजरातच्या मध्यमवर्गात शेअर घरोघर पोहोचला, १९९२ च्या रोखे घोटाळ्याने त्याला धक्का दिला, आणि ज्यांना शेअर धोक्याचा वाटे अशांसाठी सुरक्षित म्हणून ओळखली जाणारी यूएस-६४ ही युनिट ट्रस्टची १९६४ पासूनची योजना जुलै २००१ मध्ये गोठवली गेली, म्हणजे तिच्या युनिटांची खरेदी-विक्री थांबवण्यात आली. त्याच वर्षी मार्चमध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक शेअर दलालाला दिलेल्या कर्जामुळे कोसळली आणि तिच्यात ठेवी ठेवणाऱ्या राज्यभरातील नागरी सहकारी बँकांना झळ पोहोचली. बाजारात पाऊलही न टाकलेल्या ठेवीदाराचा पैसा बाजारात बुडू शकतो, हे २००१ ने शिकवले. आणि त्या वेळी एका ठेवीदाराला विम्याचे संरक्षण फक्त एक लाख रुपयांपर्यंत होते, जे फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांवर नेण्यात आले.

या सहकारी घसरणीचा खानदेशी अध्याय सुरतेत फारसा नोंदला गेलेला नाही. सुरतेत कमावलेला पैसा गावी जात असे, आणि तेथे तो बँकेपेक्षा पतसंस्थेत पडत असे, कारण पतसंस्थेचा संचालक ओळखीचा, व्याज एक-दोन टक्क्यांनी जास्त, आणि दैनंदिन वसुलीचा माणूस दारात येणारा. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी बहुराज्य पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक, म्हणजे संस्थेचा कारभार गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी, नेमला गेला, तेव्हा अनेक राज्यांतील ठेवीदार अडकले. बँक आणि पतसंस्था यांच्या फलकांत साम्य असले तरी ठेव विमा फक्त बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. हा भेद ठेव ठेवताना किती जणांना सांगितला गेला, हा प्रश्न उत्तराविना आहे.

जमिनीचा मोह सर्वांत तीव्र होता आणि त्याला कारणही होते, कारण भाड्याच्या खोलीतून सुटका हे प्रत्येक स्थलांतरिताचे पहिले उद्दिष्ट असते. बिनशेती परवानगी, म्हणजे शेतजमीन निवासासाठी वापरण्याची मान्यता, नसलेले छोटे भूखंड नोटरी केलेल्या कागदावर घेणाऱ्यांना शहराच्या वाढीने कधी भरघोस लाभ दिला, तर कधी नगररचना योजनेच्या रस्त्याने वा वारसांच्या दाव्याने सर्व काही नेले. येथे परतावा मोठा दिसतो, कारण बुडालेल्यांची मोजदाद कुणी केलेली नाही.

२०१७ साली सुरतेशी नाव जोडले गेलेले बिटकनेक्ट हे आभासी चलन या सर्व अनुभवांना पुसून टाकू पाहत होते. महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत लाभाचे आमिष, स्वयंचलित संगणकप्रणाली नफा कमावते असा दावा, आणि नवा सभासद आणणाऱ्याला दलाली, अशी त्याची रचना होती. नव्या माणसाच्या पैशातून जुन्याला लाभ देणाऱ्या या प्रकाराला पाँझी योजना म्हणतात. जानेवारी २०१८ मध्ये त्याची कर्जयोजना बंद होताच नाण्याची किंमत नव्वद टक्क्यांहून अधिक घसरली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने सुमारे २.४ अब्ज डॉलरच्या फसवणुकीचा आरोप ठेवला. अशा योजनांविरुद्ध कायदे नव्हते असे नाही: १९७८ चा बक्षीस चिट बंदी कायदा होता, ठेवीदारांच्या संरक्षणाचा गुजरातचा २००३ चा कायदा होता, आणि २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदाही आला. परंतु अशी योजना वस्तीपर्यंत पोहोचते ती अनोळखी दलालाच्या हातून नव्हे; ती भाऊबंद, मेहुणा, गाववाला यांच्या तोंडून येते, आणि ज्या विश्वासावर भिशी तरते त्याच विश्वासावर ती पसरते. सुरतेतील बचतीच्या इतिहासातील सर्वांत वेदनादायक भाग हाच आहे.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने या साऱ्या मार्गांची एकाच वेळी परीक्षा घेतली. माग थांबले, मीटर शून्यावर आले. भविष्यनिर्वाह निधीतून तीन महिन्यांच्या वेतनाइतकी किंवा शिलकीच्या ७५ टक्के यांपैकी कमी असेल ती रक्कम काढण्याची मुभा शासनाने दिली, पण निधीच नसलेल्याला ती मुभा निरुपयोगी होती. त्या महिन्यांत उपयोगी पडली ती बँक खात्यातील थोडी शिल्लक आणि गहाण टाकता येणारे सोने. भूखंड, मुदतबंद पत्रे आणि अर्ध्यावर थांबलेली भिशी यांतून पैसा सुटला नाही. त्यानंतरच्या वर्षांत म्युच्युअल फंडांतील दरमहा हप्त्याची पद्धत झपाट्याने पसरली, आणि एप्रिल २०२४ मध्ये देशभरातील अशा हप्त्यांची रक्कम प्रथमच २०,००० कोटी रुपयांवर गेली. ती पद्धत वाईट नाही, पण तिच्यातही गृहीत धरलेला माणूस तोच, दरमहा पगार घेणारा. आणि जानेवारी ते ऑक्टोबर २००८ या काळात सेन्सेक्स २१,००० वरून ८,००० च्या खाली गेला होता, हे हप्ता सुरू करून देताना सांगितलेच पाहिजे.

या पार्श्वभूमीवर क्रम असाच ठरतो: आधी काही महिन्यांचा खर्च विमासंरक्षित बँक खात्यात, मग टपालाच्या योजना, आणि त्यानंतर उरलेल्या पैशातच सोने, फंड किंवा जागा. सुरतेतील मराठी मंडळे गणेशोत्सव आणि शिवजयंतीसाठी दरवर्षी शेकडो कुटुंबांना एकत्र आणतात. ठेव घेणाऱ्या संस्थेची नोंदणी कुठे आहे, तिला ठेव विमा आहे की नाही आणि पैसा केव्हा परत काढता येतो, एवढी माहिती त्याच मंडपात, मराठीत आणि अहिराणीत, दरवर्षी देण्याची जबाबदारी या मंडळांनी घ्यावी.