पाट का तडकला?

17 सप्टेंबर 2025ला पंतप्रधान विश्वकर्मा योजनेला दोन वर्षं पूर्ण झाली. यादीतल्या 18 पारंपरिक व्यवसायांत सुतार आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाऊचर मिळतं, हे एव्हाना बहुतेकांना ठाऊक आहे. त्या रकमेची चर्चा निघाली की घरच्या घरी स्टूल-टेबल करू पाहणारी हौशी मंडळी विचारतात, तेवढ्याच पैशांत आपण काय घ्यावं?

पाव आणि पाऊण इंची अशा दोन पटाश्या, निसणा, एक लोखंडी रंधा, बारीक दात्यांची करवत, गुण्या आणि चार क्लॅम्प. विजेचं ड्रिल मशीन नंतर घेता येतं. फरशी कापायच्या कटरला लाकडाचं पातं बसवून, वरचं संरक्षक झाकण काढून काम करायची पद्धत मात्र घरात अजिबात आणू नये. पातं लाकडात अडकलं की यंत्र क्षणात हातावर उसळतं.

निसण्यावर खर्च करताना हात आखडू नका. नवी पटाशी धार लावूनच येते हा समज चुकीचा आहे. आधी तिची पाठ निसण्यावर सपाट ठेवून टोकाशी चकाकेपर्यंत घासायची. मग पुढचा उतार साधारण 25 अंशांत आणि अगदी टोकाला 30 अंशांत चार-सहा घासे. फळीच्या कापलेल्या टोकावर, जिथे रेषे तुटलेले दिसतात, तिथे पटाशी हाताने दाबून चालवा. कागदासारखा पापुद्रा निघाला तर धार आली. भुगा पडला तर परत निसणा. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते, म्हणून बोथट हत्यारच जास्त लागतं.

पण अवजारं हाताशी असूनही काम फसतं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी भाऊबीजेसाठी एक पाट केला. फूटभर रुंदीची सुरेख सागवानी फळी घेतली, खाली दोन आडव्या पट्ट्या गोंद लावून स्क्रूने घट्ट आवळल्या. दिवाळीत सगळ्यांनी कौतुक केलं. एप्रिलमध्ये एका दुपारी खोलीतून 'कट्' असा आवाज आला आणि पाट मधोमध उभा तडकला.

आजीच्या पाटाला साठ वर्षांत काही झालं नव्हतं. तो उलटा करून पाहिला तेव्हा कारण कळलं. त्यात ना खिळा होता, ना गोंद. फळीच्या पाठीत तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशी खाच होती आणि तिरक्या कडांची पट्टी बाजूने त्यात सरकवलेली होती. पट्टी फळीला वाकू देत नव्हती, पण पसरायला-आकसायला अडवतही नव्हती.

लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. आर्द्रता 90 टक्के असते तेव्हा लाकडात साधारण 20 टक्के पाणी मुरतं; 40 टक्क्यांवर ते साडेसातच्या आसपास येतं. पावसाळ्यात ड्रॉवर अडकतो तो यामुळेच. ही हालचाल रुंदीत होते, लांबीत जवळजवळ नाहीच. फूटभर सागवानी फळी एका ऋतुचक्रात तीन-चार मिलिमीटर आकसू शकते. माझी फळी रुंदीत आकसू पाहत होती, आडव्या पट्टीची लांबी मात्र जागची हलत नव्हती. टेबलाच्या माथ्याचं, पलंगाच्या फळ्यांचं, दाराच्या दिल्ह्याचं गणित हेच आहे. प्लायवूडमध्ये थर आळीपाळीने आडवे-उभे चिकटवलेले असल्याने तो जवळपास हलत नाही. त्यामुळे आपण हे विसरलो, आणि अस्सल लाकूड हाती आलं की त्यालाही प्लायसारखं वागवतो.

तडकलेला पाट टाकवत नव्हता. तेव्हा जॉर्ज नाकाशिमा आठवला. हा जपानी-अमेरिकन वास्तुविशारद 1930च्या दशकाच्या अखेरीस पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या 'गोलकोंड' वसतिगृहाच्या बांधकामावर होता. आश्रमात त्याला सुंदरानंद हे नाव मिळालं. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्याला नजरकैदेच्या छावणीत डांबलं. तिथे एका जपानी सुताराच्या हाताखाली तो हातहत्यारं शिकला. त्याच्या टेबलांत भेग लपवलेली नसते. भेगेवर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी चकती बसवलेली दिसते, म्हणजे भेग पुढे सरकत नाही. युक्ती त्याच्याही आधीची, फार जुनी आहे. पण दोष झाकायचा नाही, धरून ठेवायचा, हा त्याचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

मी पट्ट्या काढल्या. शिसवीचा डमरू कापला, तो फळीवर ठेवून त्याची कड सुरीने आखली. पेन्सिलीची रेघ जाड असते. सुरीच्या कापात पटाशीचं टोक आपोआप बसतं. आतलं लाकूड पाऊण सेंटिमीटर कोरलं, डमरू हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोकून बसवला. मग खालच्या तिरक्या खाचा केल्या आणि नव्या पट्ट्या सरकवल्या, फक्त मधोमध एकेक लाकडी खुंटी मारून.

एप्रिलमध्ये त्या भेगेत पोस्टकार्ड जायचं. आज, सप्टेंबरात, नखही शिरत नाही.