इंद्रधनुष्य गोलच का?

जुलैच्या मध्यावर बदलापूर स्थानकाच्या पादचारी पुलावर सकाळी साडेनऊपासून दुपारी चारपर्यंत उभे राहिले, ऊन-पावसाचा खेळ कितीही रंगला, तरी आकाशात इंद्रधनुष्य दिसणार नाही. सव्वाचार वाजून गेले की ते दिसू शकते, आणि दिसलेच तर पूर्वेकडे, बारवी धरणाच्या अंगाला. सकाळी नऊच्या आत दिसले तर पश्चिमेकडे, मलंगगड-तावलीच्या डोंगररांगेच्या बाजूला. अंबरनाथ आणि उल्हासनगरलाही वेळा याच. हे इतक्या खात्रीने सांगता येते, कारण इंद्रधनुष्याचे सारे वागणे एका कोनाने बांधलेले आहे. तो कोन ४२ अंशांचा. धनुष्य वाकलेले का दिसते, याचे उत्तरही याच कोनात आहे.

थेंबाच्या पोटात काय घडते

पावसाचा लहान थेंब जवळजवळ चेंडूसारखा गोल असतो. सूर्याचा किरण त्यात शिरताना वाकतो, थेंबाच्या मागच्या भिंतीवरून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. थेंबाच्या नेमक्या मध्यातून गेलेला किरण आल्या वाटेनेच मागे फिरतो. मध्य सोडून कडेकडे सरकावे, तसा परतणारा किरण आल्या वाटेपासून अधिकाधिक फाकत जातो. मात्र हे फाकणे ४२ अंशांपर्यंतच वाढते. त्याहूनही कडेला शिरलेले किरण पुन्हा कमी कोनात परततात. कोन वाढायचा थांबून उलटा फिरतो, तिथे किरणांची दाटी होते. शेजारशेजारचे असंख्य किरण जवळपास एकाच दिशेने बाहेर पडतात आणि त्या दिशेला प्रकाश प्रखर होतो. इंद्रधनुष्याच्या आतले आकाश बाहेरच्यापेक्षा उजळ दिसते, तेही यामुळेच. उरलेले किरण ४२ अंशांच्या आतच पसरतात, बाहेर जात नाहीत.

थेंबातला हा प्रवास चौदाव्या शतकाच्या आरंभी दोन माणसांनी एकमेकांना न ओळखता उलगडला: इराणमधील कमालुद्दीन अल-फारिसी आणि जर्मनीतील फ्रायबर्गचे धर्मोपदेशक थिओडोरिक. दोघांनीही पाण्याने भरलेला काचेचा गोल घेतला, त्यालाच मोठा थेंब मानले आणि प्रकाशाची वाट शोधली. फ्रान्सच्या रने देकार्त यांनी १६३७ मध्ये एकामागून एक किरणांचे गणित मांडून ४२ अंशांजवळची दाटी दाखवून दिली. रंगांचा खुलासा आयझॅक न्यूटन यांनी केला. पाण्यात तांबडा प्रकाश कमी वाकतो, जांभळा जास्त. त्यामुळे तांबडा सुमारे ४२ अंशांवर, म्हणजे धनुष्याच्या बाहेरच्या कडेला दिसतो आणि जांभळा सुमारे ४० अंशांवर, आतल्या कडेला.

कोनातून वर्तुळ

आता थेंबातून बाहेर येऊन पाहणाऱ्याच्या जागी उभे राहू. सूर्य पाठीशी आहे. सूर्यापासून निघून आपल्या डोक्यातून जाणारी एक सरळ रेषा मनात धरा. ती पुढे जिथे जाते तिथेच आपल्या डोक्याची सावली पडते. हा बिंदू सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असतो. या रेषेशी ४२ अंशांचा कोन करणाऱ्या दिशेला जो जो थेंब असेल, तो तो आपल्या डोळ्यात तांबडा प्रकाश पाठवतो. थेंब गोल असल्यामुळे त्याला वर-खाली, डावे-उजवे असा भेद नाही. त्याला फक्त कोन कळतो. म्हणून वरचे, बाजूचे आणि खालचे, ४२ अंशांवरचे सगळेच थेंब उजळतात.

एका रेषेभोवती सारख्या कोनात असलेल्या सगळ्या दिशा एकत्र केल्या की शंकू तयार होतो. नरसाळ्याच्या नळीच्या टोकाशी डोळा लावला, तर त्याची गोल कड जशी दिसेल, तसे हे धनुष्य दिसते. काही थेंब शंभर मीटरवर असतील, काही दोन किलोमीटरवर. पण त्यांची दिशा त्या शंकूच्या पृष्ठभागावर असली की डोळ्याला ते एकाच वर्तुळात बसलेले दिसतात. इंद्रधनुष्याचा गोलपणा ढगात नाही, आकाशाच्या घुमटातही नाही. सूर्य, थेंब आणि डोळा यांच्या परस्पर नात्यात तो आहे.

अर्धेच का दिसते

या वर्तुळाचा मध्य म्हणजे आपल्या डोक्याची सावली. सूर्य क्षितिजाच्या वर असतो तेव्हा सावली क्षितिजाच्या खालीच पडते, म्हणजे वर्तुळाचा मध्यही खालीच. सपाट जमिनीवर उभे राहिले की खालच्या दिशेला थेंबांसाठी जागा फारशी नसते. लगेच जमीन येते. त्यामुळे वर्तुळाचा वरचा तुकडा तेवढा उरतो आणि त्यालाच आपण धनुष्य म्हणतो.

सूर्य जितका वर, तितके धनुष्य खाली. हिशेब सोपा आहे: ४२ मधून सूर्याची उंची वजा करावी. आपल्या भागात जुलैच्या मध्यावर दुपारी साधारण चार वाजून दहा मिनिटांनी सूर्य ४२ अंशांवर येतो, तेव्हा धनुष्याचा माथा जेमतेम क्षितिजाला टेकलेला असतो. पाच वाजता तो सुमारे १२ अंशांवर असतो. उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या अरुंद गल्ल्यांतून इतके खालचे आकाश दिसतच नाही, समोरच्या इमारती ते झाकतात. तिथे गच्ची गाठावी लागते. सहा वाजता माथा सुमारे २५ अंशांवर चढतो आणि सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळताना ४२ अंशांवर पोचतो. त्या वेळी जवळपास पूर्ण अर्धवर्तुळ दिसते, सर्वांत मोठे. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असल्यामुळे परतीच्या पावसात तीन वाजल्यापासूनच धनुष्य दिसू शकते.

कधी कधी बाहेरच्या बाजूला दुसरे, फिकट धनुष्य दिसते. थेंबात प्रकाश दोनदा परावर्तित झाला की ते सुमारे ५१ अंशांवर उमटते आणि त्यात रंगांचा क्रम उलटा असतो. दोन धनुष्यांच्या मधला पट्टा काळसर असतो, कारण दोन्ही प्रकारचे किरण त्या पट्ट्याकडे वळत नाहीत.

ज्याचे त्याचे धनुष्य

वर्तुळाचा मध्य ज्याच्या त्याच्या डोक्याच्या सावलीवर असल्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या दोघांनाही अगदी एकच इंद्रधनुष्य दिसत नाही. दोघांकडे प्रकाश पाठवणारे थेंब वेगळे असतात. संध्याकाळी कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये डाव्या हाताच्या खिडकीतून हे छान कळते. अंबरनाथ सुटले की विजेचे खांब, झाडे, घरे मागे पळतात, धनुष्य मात्र गाडीबरोबर चालत राहते. आपण पुढे जातो तसे नवे थेंब त्या कोनात येत जातात. म्हणूनच इंद्रधनुष्याच्या टोकापाशी आजवर कोणी पोचले नाही.

पूर्ण वर्तुळ पाहायचे तर पायाखाली थेंब हवेत. विमानातून ते दिसू शकते. माथेरानच्या पूर्वेकडच्या कड्यांवरून, संध्याकाळचे ऊन पाठीवर असताना खाली नेरळच्या बाजूला सर पडत असेल, तर अर्ध्याहून मोठे वर्तुळ दिसू शकते.

याचेच एक धाकटे भावंड सह्याद्रीच्या भटक्यांना इंद्रवज्र या नावाने ओळखीचे आहे. ठाणे जिल्ह्याच्या सीमेवरच्या हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून कर्नल विल्यम साइक्स यांनी कोकणात साचलेल्या धुक्यावर स्वतःची सावली आणि तिच्याभोवती रंगांचे पूर्ण कडे पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या दख्खनच्या हवामानावरील प्रबंधात ही नोंद आहे. इंद्रवज्र धुक्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे उमटते आणि त्याचे कडे काही अंशांचेच असते. प्रकाशाची तऱ्हाही निराळी. पण मध्य तोच: पाहणाऱ्याच्या डोक्याची सावली.

धनुष्य आणि पावसाचा अंदाज

सहाव्या शतकात वराहमिहिरांनी बृहत्संहितेत इंद्रधनुष्यावर एक अध्याय लिहिला. ढगाळ आकाशात वाऱ्याने विखुरलेले सूर्याचे रंगीत किरण धनुष्याच्या आकारात दिसतात, असे ते म्हणतात. पुढे ते निरीक्षण देतात: पूर्वेचे धनुष्य पाऊस चालू असेल तर थांबवते, नसेल तर आणते; पश्चिमेचे मात्र नेहमी पाऊस आणते. हे आपल्या पट्ट्यातही पडताळून पाहण्याजोगे आहे. मोसमी वारे पश्चिमेकडून येतात. त्यामुळे जुलैत संध्याकाळी पूर्वेला दिसणारे धनुष्य म्हणजे आपल्यावरून निघून गेलेली सर, आणि सकाळी पश्चिमेला दिसणारे म्हणजे येऊ घातलेली. ऑक्टोबरात वीजगर्जनेचे ढग बरेचदा घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून येतात. तेव्हा पूर्वेचे धनुष्य पाहून वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत.

हे सारे तपासायला कोणतेही उपकरण लागत नाही. हात लांब करून पंजा ताणला, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत सुमारे २० अंश भरते. म्हणजे डोक्याच्या सावलीपासून दोन विती आणि वर थोडेसे मोजले की धनुष्याची जागा सापडते. पाऊस नसेल तर सूर्याकडे पाठ करून गच्चीवर किंवा अंगणात पाइपने बारीक फवारा उडवा. सूर्य डोक्यावर असला, तरी फवाऱ्यात पायाशी रंगीत कमान उमटेल. यंदाच्या पावसाळ्यात घरातल्या मुलांना हे एकदा मोजून दाखवा, आणि दिसलेल्या प्रत्येक धनुष्याची तारीख, वेळ व दिशा त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या. चार महिन्यांत ४२ अंशांचा नियम त्यांना पाठ न करता समजेल.