पेस्तनशाही रुपया आणि वऱ्हाडचा कापूस

सावकाराच्या नावानं रुपया ओळखला जावा, ही गोष्ट कुठल्याही राज्यात विरळाच. निजामाच्या मुलखात ती घडली, आणि तीही आपल्या औरंगाबादच्या टांकसाळीत. १८३०-४०च्या सुमारास तिथे पाडलेल्या रुपयाला लोक ‘पेस्तनशाही सिक्का’ म्हणत. हा पेस्तन म्हणजे हैदराबादचा पारशी सावकार पेस्तनजी मेहेरजी. नाण्यावर मात्र त्याचं नाव शोधू नका. हैदराबादची नाणी १८५७पर्यंत दिल्लीच्या बादशहाच्याच नावानं पडत होती. बादशहाकडे सत्ता नव्हती, निजामाकडे पैसा नव्हता, आणि पत होती ती पेस्तनजीकडे. बाजारानं नाव दिलं ते पतीला.

एका संग्राहकाकडे हा रुपया मी तळहातावर घेऊन पाहिला. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे फारसी मजकूर कडेला तुटलेला. नाणेशास्त्राचा मला जो नाद आहे, तो घरच्यांना फारसा परवडणारा नाही. पण या रुपयानं मला नाण्यांतून उचलून थेट कापसात नेऊन टाकलं.

मेहेरजी बंधू मूळचे तारापूरचे. थोरले विकाजी, धाकटे पेस्तनजी. तारापूर म्हटलं की आज १९६९ची अणुवीज आठवते. इतिहासवेड्यांना १७३९ आठवतं : चिमाजी अप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून हा किल्ला घेताना बाजी भिवराव रेठरेकर पडले. पुढे इंग्रजांनी हाच किल्ला विकाजींना शंभर वर्षांच्या इनामानं दिला. गावातली १८२०च्या सुमारास बांधलेली अग्यारीही त्यांचीच. पालघरकडे जाणं झालं तर किल्ल्याच्या भिंतीपाशी जरा थांबा. पेशव्यांचा सरदार जिथे पडला तो किल्ला पुढच्या शतकात एका व्यापाऱ्याच्या मालकीचा झाला, एवढं ध्यानात घेतलं तरी १८१८ला पेशवाई संपल्यानंतर काय बदललं ते कळतं.

आता कापूस. वऱ्हाडचा कापूस पूर्वी मुंबईला येत नसे. तो बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. शेकडो कोसांची ती वाट, त्यात धूळ आणि अवकाळी पाऊस, आणि कापूस दाबून गाठी बांधण्याची सोय नाही. पोत्यात सैल भरलेला कापूस वाटेत माती आणि ओल दोन्ही पिऊन घेई. १८२५-२६ साली या भावांनी माल उलट दिशेला, सह्याद्री उतरवून मुंबईला धाडला. पहिली खेप पाचशे बैलांची : एका बैलावर २४० पौंड, म्हणजे एकूण १,२०,००० पौंड, किंमत २५,००० रुपये. हा आकडा मी वाचला तेव्हा कागद घेऊन गुणाकार करून पाहिला. हिशेब जुळतो. एवढ्यावर ते थांबले नाहीत. खामगावसारख्या ठिकाणी त्यांनी कापूस दाबायचे स्क्रू उभे केले. माल दाबला की त्याच बैलावर जास्त कापूस मावतो आणि त्याला मातीही कमी लागते. वऱ्हाडच्या कापसाची गोष्ट सांगताना आपण आगगाडीपासून सुरुवात करतो, खामगावच्या फाट्याचं १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते उद्घाटन झालं वगैरे. माझं मत विचाराल तर आगगाडी धावली ती या पाचशे बैलांचा माग काढत.

बाकीची पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. हैदराबादेत निजामाच्या वतीनं राजा चंदूलाल यांचा कारभार होता आणि खजिना कायम रिकामा. इंग्रजांच्या धाकानं पोसावी लागणारी कंटिन्जंट फौज पैसा गिळत होती. विल्यम पामरची पेढी सरकारला कर्ज देत होती, ती १८२४मध्ये बुडाली. तिची जागा पुढे मेहेरजींच्या पेढीनं घेतली. सरकारला रोकड द्यायची आणि तारण म्हणून वऱ्हाडातल्या परगण्यांचा वसूल घ्यायचा, असा हा व्यवहार.

यात मोठी जोखीम होती. राजाकडून तारण घेणारा सावकार राजावर जप्ती आणणार कशी? १८४३मध्ये चंदूलाल पायउतार झाले आणि १८४५मध्ये सरकारनं ते परगणे परत घेतले. लाखोंचं येणं अडकलं. भावांनी हैदराबादेतल्या इंग्रज रेसिडेंट फ्रेझरकडे दाद मागितली, विलायतेपर्यंत अर्ज केले. कंपनी सरकारनं मध्ये पडायचं टाळलं. पेढी त्यातून सावरली नाही.

सिकंदराबादच्या महात्मा गांधी रस्त्यावरची त्यांची अग्यारी १८४७ची, म्हणजे वऱ्हाड हातचं गेल्यानंतरची. दिवाळं समोर दिसत असताना समाजासाठी केलेला खर्च शहाणपणाचा होता का, यावर एका स्नेह्याशी माझा वाद झाला. तो बँकेत होता, तेव्हा त्याचं उत्तर काय असणार ते उघडच आहे. मला मात्र पेस्तनजींचा हाच निर्णय सर्वांत भावतो. बिगरपारशांना आत प्रवेश नाही, त्यामुळे वास्तू फाटकाबाहेरूनच पाहायची, आणि तसंच योग्यही आहे. रस्त्यावरच्या गर्दीत किती जणांना या नावामागची गोष्ट ठाऊक असेल, कोण जाणे. हैदराबादचा इतिहास आपण नवाब आणि मोती यांच्यापलीकडे फारसा वाचतच नाही.

आणि कंपनीचं पुढचं वर्तन पाहा. सावकाराचं तारण हा जिला परक्या दरबाराचा प्रश्न वाटला, तिनंच १८५३मध्ये कंटिन्जंटच्या थकबाकीपोटी निजामाकडून वऱ्हाड लिहून घेतलं. कर्ज, तारण आणि मुलूख हे सगळं तेच होतं. फरक एवढाच की या सावकाराच्या पदरी पलटणी होत्या. मेहेरजींवर मी तरी नुकसानीचा दोष ठेवत नाही.

वऱ्हाडात किंवा मराठवाड्यात कुणाच्या माळ्यावर त्या काळच्या हुंड्या, रोजकीर्दी किंवा एखादा पेस्तनशाही रुपया पडून असेल तर कागद रद्दीत घालू नका, रुपया सोनाराला वितळवायला देऊ नका. त्यांची छायाचित्रं अंकाच्या पत्त्यावर जरूर पाठवा.