स्कीइंगला कुठे जायचं? थोडं मेकॅनिक्स, थोडा हिशोब

दरवर्षी ओरल्स संपत आल्या की हॉस्टेलमध्ये माणसांचे दोन गट पडतात. एक रात्रीच्या गाडीने घरी पळणारा, आणि दुसरा ‘या वर्षी बर्फात जायचंच’ म्हणत रूमवर फोटो बघत बसणारा. मी एक हिवाळा औलीला आणि एक गुलमर्गला थोडंफार स्कीइंग शिकून आलोय. एवढ्याच भांडवलावर हा दुसरा गट माझ्याकडे येतो आणि एकच प्रश्न टाकतो, “बेस्ट जागा कुठली रे?” एकेकाला मेसच्या रांगेत उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. सरांपैकी कोणी मुलाबाळांना घेऊन जाणार असतील तर त्यांनाही उपयोग होईल.

आपण बहुतेक जण सह्याद्रीत हिंडलेले. आपली जागा निवडायची पद्धत ठरलेली आहे. जास्त उंच, जास्त अवघड, जास्त आडबाजूला, ती जास्त भारी! कळसूबाई झाली की हरिश्चंद्रगड, तोही नळीच्या वाटेने. ट्रेकला हे चालतं, कारण तिथे वेग आपल्या पायांच्या हातात असतो. दमलात तर बसा. स्कीइंगमध्ये वेग उतार ठरवतो. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने शिखर किती उंच आहे हे विचारण्याआधी, आपण ज्या उतारावर शिकणार तो किती अंशांचा आहे हे विचारायला हवं. पॅकेज विकणाऱ्या एजंटला हा प्रश्न विचारून बघा, तो तुम्हाला हॉटेलच्या गीझरबद्दल सांगायला लागेल.

आता थोडं एफ.ई.चं मेकॅनिक्स. (पळू नका, केटी लागणार नाही.) तिरप्या पृष्ठभागावरून घसरणारा ठोकळा आपण सगळ्यांनी सोडवलाय. स्कीअर म्हणजे तोच ठोकळा, फक्त त्याने कानटोपी घातलेली असते. मेण लावलेली स्की आणि चांगला बर्फ यांच्यातला घर्षणांक साधारण ०.०५ धरू. घर्षणाच्या उष्णतेने स्कीखाली पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो, म्हणून तो इतका कमी. याचा अर्थ ३ अंशांचा उतार मिळाला की ठोकळा थांबायचं नाव घेत नाही. हवेचा विरोध सोडून द्या आणि त्याला सरळ रेषेत फक्त ५० मीटर जाऊ द्या. ५ अंशांच्या उतारावर शेवटी वेग येतो ताशी सुमारे २२ किलोमीटर, म्हणजे जोरात मारलेली सायकल. १० अंशांवर ४०. २० अंशांवर ६० च्या वर! गणित करून बघा, दोन ओळींचं आहे.

आणि ब्रेक? पहिल्या दोन-तीन दिवसांत तुम्हाला एकच ब्रेक येतो. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणायची, मागची बाजू फाकवायची आणि आतल्या कडा बर्फात रुतवायच्या. याला स्नो-प्लाउ म्हणतात. ५ ते १० अंशांवर तो लागतो. २० अंशांवर नवशिक्याचे गुडघे तो ब्रेक धरून ठेवू शकत नाहीत. म्हणून शिकायचा उतार हलका हवा, रुंद हवा, आणि त्याच्या पायथ्याशी भरपूर सपाट किंवा किंचित चढाची मोकळी जागा हवी, म्हणजे ब्रेक फसला तरी माणूस आपोआप थांबेल. पायथ्याशी झाडं, खांब, रस्ता किंवा मॅगीची टपरी असेल तर तो उतार आपला नव्हे.

दुसरी गोष्ट लिफ्टची. लिफ्ट नसेल तर घसरायला पाऊण मिनिट आणि स्की खांद्यावर घेऊन परत चढायला पंधरा मिनिटं. दिवसभरात दहा-बारा फेऱ्या झाल्या तरी डोक्यावरून पाणी. नवशिक्याला गोंडोलापेक्षा साधी ड्रॅग लिफ्ट जास्त कामाची. फिरत्या दोराला अडकवलेला दांडा किंवा तबकडी धरायची आणि उभ्या उभ्या वर ओढलं जायचं. आल्प्समध्ये, म्हणजे आपले जर्मनीत एम.एस. करणारे सीनियर्स जातात तिथे, उतारांना निळा, लाल, काळा असे रंग दिलेले असतात, निळा सगळ्यात सोपा. शिवाय रात्री यंत्र फिरवून बर्फ सारखा केलेला असतो. आपल्याकडे अशा पाट्यांवर विसंबून चालत नाही, स्वतः बघावं लागतं.

आता जागा. गुलमर्गबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिथलेच आहेत. गुलमर्ग स्वतः सुमारे २६५० मीटरवर, श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटर. तिथून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे ३१०० मीटरपर्यंत जातो. तो १९९८ मध्ये सुरू झाला. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३९५० मीटरपर्यंत नेतो. जगभरचे स्कीअर या दुसऱ्या टप्प्यासाठी येतात. आपल्यासाठी मात्र खरं गुलमर्ग म्हणजे खालचं बशीसारखं मैदान आणि त्याच्या कडेचे हलके उतार. तिथे ड्रॅग लिफ्ट आहेत आणि मार्गात लुडबुड करणारी दरी नाही. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थाही गुलमर्गलाच आहे, ती कोर्स घेते.

दुसऱ्या टप्प्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ग्रुपमधला एक तरी वीर ‘तिकीट काढलंय तर वरूनच उतरू’ म्हणतो. वरचा बहुतेक उतार सारखा केलेला नसतो. हिमस्खलनं बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून कमी उतारावर थर सहसा सुटत नाही आणि फार खड्या उतारावर बर्फ साठतच नाही. अफरवटचे मोठे उतार नेमके या मधल्या पट्ट्यात येतात. नवा बर्फ जुन्या, कडक झालेल्या थरावर पडतो, दोघांची पकड नीट नसते, आणि एका माणसाच्या वजनानेही अख्खी लादी सुटू शकते. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. ही तयारीची, सरावाची माणसं होती. शिवाय पुण्यामुंबईहून आलेला माणूस थेट ३९५० मीटरवर पोचतो, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. डोकं दुखायला लागतं आणि निर्णय चुकायला लागतात. वर जायचंच असेल तर गोंडोलाने जा, फोटो काढा आणि गोंडोलानेच खाली या. यात कमीपणा काही नाही.

काश्मीरचं नाव काढलं की घरचे काळजीत पडणार, आणि ते साहजिक आहे. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर तिथली बरीच पर्यटनस्थळं काही काळ बंद होती. तेव्हा बुकिंगच्या आधी आणि निघायच्या आठवड्यात, असं दोनदा, सरकारी सूचना बघा. प्रवास मात्र सोपा झालाय. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला थेट रेल्वे जाते, त्यामुळे बर्फाने हायवे बंद पडला तरी आशा राहते. तंगमर्ग ते गुलमर्ग या शेवटच्या १३ किलोमीटरला बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते. हा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का ते विचारून घ्या.

औली उत्तराखंडमध्ये, जोशीमठच्या वर, साधारण २५०० ते ३०५० मीटरच्या पट्ट्यात. समोर नंदादेवी. सकाळी उन्हं तिच्यावर येताना बघितली की हिशोब वगैरे विसरायला होतं. असो. नवशिक्याच्या दृष्टीने औली चांगली, कारण उतार एकसलग आणि मोकळा आहे, चेअरलिफ्ट आहे, आणि गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स ठरलेले आहेत. अडचण दोन ठिकाणी. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर, घाटाचा रस्ता, म्हणजे जायला एक दिवस आणि यायला एक दिवस गेला. जोशीमठहून वर जाणारा रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये बंद केला गेला, तेव्हा रस्त्यानेच जायचं धरून चाला.

दुसरी अडचण बर्फाची, आणि ती फक्त औलीची नाही. आपल्या हिमालयात हिवाळ्यातला बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणाऱ्या वादळी प्रणालींमुळे. त्या काश्मीरला आधी गाठतात, पूर्वेकडे सरकताना बऱ्याचदा रिकाम्या होत जातात. त्यात गुलमर्ग ३४ अक्षांशावर, औली साडेतीसच्या आसपास. म्हणून बर्फाची खात्री गुलमर्गला जास्त. पण खात्री म्हणजे गॅरंटी नव्हे! फेब्रुवारी २०२३ मध्ये औलीच्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला मैदान चक्क तपकिरी होतं. २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा गुलमर्गला फेब्रुवारीत व्हायच्या त्या बर्फ नाही म्हणून मार्चवर गेल्या.

“पण औलीला बर्फ बनवायची मशीन्स आहेत ना?” हो, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बसवली होती. पण मशीन म्हणजे जादू नाही. पाण्याचा बारीक फवारा हवेत उडवायचा आणि तो जमिनीवर पडेपर्यंत गोठला पाहिजे. त्यासाठी वेट-बल्ब तापमान साधारण उणे २ च्या खाली लागतं. थर्मोच्या प्रॅक्टिकलला ओल्या कापडाचा थर्मामीटर वापरला होता, तेच. हवा कोरडी असेल तर शून्याच्या जरा वरच्या तापमानातही जमतं, दमट असेल तर नाही. जो हिवाळा उबदार असतो, नेमका त्याच हिवाळ्यात मशीन हात वर करतं.

इथे आपल्या कॅलेंडरची गंमत सुरू होते. आपली सुट्टी डिसेंबरअखेर ते जानेवारीचा पहिला आठवडा. काश्मीरमध्ये कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, चिल्लई कलां, सुरूच होतात २१ डिसेंबरला. म्हणजे आपण जातो तेव्हा नैसर्गिक बर्फाचा पाया धड तयार झालेला नसतो, आणि नाताळ-न्यू इयरची गर्दी व दर मात्र शिगेला! जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा शिकायला उत्तम काळ. तेव्हा अटेंडन्सचं काय, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या एच.ओ.डीं.ना विचारावा, मी या लेखात नाव लावलेलं आहे.

मनालीजवळच्या सोलांगला आपल्याकडची सगळ्यात जास्त मुलं जातात. दिल्लीहून रात्रीची बस मिळते, खिशाला परवडतं. उतार छोटा आणि नवशिक्यांना ठीक, पण उंची फक्त २५०० मीटरच्या आसपास, त्यामुळे दोन दिवस ऊन पडलं की चिखल. त्यात घोडे, स्नो-स्कूटर, ट्यूबवर घसरणारी कुटुंबं, सगळे एकाच मैदानात. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेचा स्कीइंगचा बेसिक कोर्स मिळाला तर सोलांग उत्तम. नुसतं पॅकेजने गेलात तर भाड्याचे बूट, एक माणूस हात धरून ओढणार, चार फोटो आणि ‘झालं साहेब’. नारकंडा शिमल्याहून जवळ आणि शांत, पण लहान. दोन दिवसांची चव घ्यायला बरं.

जागा ठरवताना मी एक आकडा काढतो. घर ते घर एकूण खर्च भागिले बर्फावर स्की घालून घालवलेले तास. चार दिवसांच्या स्वस्त पॅकेजमध्ये हे तास दोन-तीनच्या वर जात नाहीत. सरकारी कोर्सच्या फीमध्ये बहुतेक वेळा राहणं, जेवण, स्की, बूट आणि शिक्षक धरलेले असतात, आणि रोज चार-पाच तास बर्फावर. ‘महाग’ कोर्स आणि ‘स्वस्त’ ट्रिप यांचे आकडे शेजारी मांडले की रूममध्ये शांतता पसरते. वडिलांकडे पैसे मागताना हाच कागद दाखवा. वेळ दहा-बारा दिवसांचा असेल, तर माझं मत गुलमर्गचा मैदानातला कोर्स, नाहीतर औली. चारच दिवस असतील तर नारकंडा किंवा सोलांगला बर्फ खेळून या, पण ‘स्कीइंग शिकायला चाललो’ म्हणू नका.

कोर्सला मेडिकल सर्टिफिकेट लागतं आणि तारखा संस्थांच्या वेबसाइटवर आधी लागतात, तेव्हा सबमिशनसारखं शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. साहित्य मिळाल्यावर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, तुमच्या समोर लावून घ्या. पडल्यावर तो सुटला पाहिजे, नाहीतर पाय पिरगळतो आणि गुडघा जातो. त्याची सेटिंग वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमचं कसब यांवर ठरते, म्हणून आधीच्या माणसाची सेटिंग तशीच चालवून घेऊ नका. वजन खरं सांगा. जीन्स घालू नका, ओली झाली की वाळत नाही. गॉगल हवाच, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. आणि थंडी म्हणून बुटात दोन-दोन मोजे कोंबू नका. बूट आवळला की रक्त खाली पोचत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात. लोकरीचा एकच जोड, पोटरीपर्यंत येणारा, सुरकुती न पडू देता.